माळा रिकामा करताना

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी जे केलं ते लोकांना हुशारीचं वाटलं. आमच्या गल्लीत तर चारचौघांत कौतुक झालं, की बाईंनी लेकीसाठी सगळी पुस्तकं यंत्रात भरून दिली. हुशारी कसली डोंबलाची! भीतीपोटी केलं, आणि करताना रोज नवी भीती पदरात पडत गेली.

आमच्या नांदेडच्या घरात डोक्याच्या वर काही ठेवत नाहीत. भिंतीला फळ्या नाहीत, कपाटावर बॅगा नाहीत, आणि तसबीर लावायचीच असेल तर ज्या भिंतीखाली कुणी बसत नाही तिथे. पाहुणे हसतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी डबे ओळीने मांडलेले होते, घासूनपुसून लख्ख. ते मी आठवडाभरात खाली उतरवले. त्यावरून आमची जी पहिली कटकट झाली ती पुढे कित्येक वर्षं पुरली. मी हटले नाही.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. आमचं घर पडलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण भूकंप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ढिगारे येतात. पलीकडच्या गावांत ढिगारेच होते. आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या, माळवदाच्या छताची माती गळली आणि फळीवरचे हंडे खाली आले. फळीखाली माझी थोरली बहीण झोपली होती. घर शाबूत राहिलं आणि ताई गेली. पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, तिथे आईने भिंतीत एक खिळासुद्धा ठोकू दिला नाही. मला शिकायला मामाकडे नांदेडला पाठवलं. शिक्षण, नोकरी, लग्न सगळं नांदेडातच झालं. नवरा रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, मी स्वतःचं डीटीपीचं दुकान टाकलेलं. लातूरकडे मी पुन्हा वळून पाहिलं नाही.

आणि मुलीने दहावी झाल्यावर तेच गाव काढलं.

"नांदेडात काय क्लास न्हाईत? इथं बाहेरगावची पोरं येऊन राहिलीत अन् तू लातूरला चाललीस?"

"आई, परीक्षा देऊन नंबर लागलाय माझा तिथं. अन् तू जे बोलत न्हाईस ना, तेबी मला माहीत हाय."

तिला माहीत होतं. माझ्या घरात वाढलेल्या पोरीला ते माहीत नसणार तर कुणाला! नवरा म्हणाला, जाऊ दे तिला, डॉक्टर व्हायचं म्हणते. मी तीन-चार दिवस कुणाशी धड बोलले नाही आणि मग हो म्हणाले. 

लातूरला त्या क्लासच्या भागात गेल्यावर मी हबकलेच. जिकडे बघावं तिकडे पोरं, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि घरांवर घरं चढवलेली. मुलीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खोली अरुंद, तिघींत एक. एक मुदखेडची, एक बिलोलीची, आणि आमची. घरमालकीण बाई चांगली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "ताई, बिल्डिंग भूकंपाच्या नंतरची हाय. लई सळई टाकलीय. चिंता करू नका." बहुतेक प्रत्येक आईला ती हेच सांगत असावी.

बिल्डिंगकडे माझं लक्षच नव्हतं. तीनही कॉट एका भिंतीला डोकी करून लावल्या होत्या, आणि त्या भिंतीला वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा रुंद माळा होता. माळ्यावर पुस्तकं. क्लासवाले प्रत्येक विषयाचे जाडजूड संच देतात, त्यांचे थरावर थर, थेट छताला टेकलेले. खोलीचा रिवाज असा, की जिची कॉट तिचा वरचा माळा. आमच्या कॉटच्या माळ्यावर आधीच्या मुलीची पुस्तकं तशीच होती, आणि आता त्यांत हिची भर पडणार होती. मी कॉटवर बसून वर पाहिलं आणि माझे हातपाय गार पडले. 

कॉट हलवायला जागा नव्हती. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर. आधीच्या मुलीची पुस्तकं मालकिणीला विचारून रद्दीत घातली. पण हिचा स्वतःचा ढीग? जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, कॉटखाली ट्रंका.

मी म्हणाले, "माळा रिकामा राहिला तरच इथं राहायचं. न्हाई तर आत्ता बॅग उचल."

मैत्रिणींसमोर तिचे कान लाल झाले. "अन् वाचू काय मग?"

तेव्हा मला नणंदेच्या मुलाने पुण्याहून दिलेलं ते जुनं यंत्र आठवलं, लेकीच्याच बॅगेत होतं ते. ई-रीडर. पाटीएवढा काळा-पांढरा पडदा, त्यावर नुसती पुस्तकं दिसतात, बाकी काही नाही. खोलीत स्मार्टफोनला बंदी होती, साधा बटणांचा फोन तेवढा संध्याकाळी सुरू करायचा. मालकिणीने यंत्र उलटसुलट करून पाहिलं, त्यात ना गाणं ना गेम, म्हणून परवानगी दिली. मी लेकीला शब्द दिला की एकेक पुस्तक यात घालून देईन, आणि जे आत गेलं ते वरून खाली येईल. दोन्ही मैत्रिणी ऐकत होत्या. त्यांनाही म्हटलं, तुमचीही देते करून. मुदखेडच्या मुलीकडे क्लासचाच नेट नसलेला टॅब होता, त्यात ईपब नावाची पुस्तकांची फाइल चालायची. "हाव काकू, देतो की," दोघी म्हणाल्या.

मला वाटलं होतं, पीडीएफ टाकली की झालं. क्लासने पीडीएफ दिलीही होती थोड्या पुस्तकांची. पण त्या लहान पडद्यावर पूर्ण पान उघडलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर पळून जायची. मजकूर पडद्याच्या मापाने वाहता हवा. त्यासाठी पीडीएफमधून अक्षरं सोडवायची, त्यांचं ईपब करायचं, आणि ते यंत्र इतकं हट्टी की त्याला ईपबही चालेना, स्वतःचाच फॉरमॅट हवा. म्हणजे एकाच पुस्तकाला तीन वेळा कात टाकायला लावायची. जी पुस्तकं नुसती छापील होती, ती आधी स्कॅन करायची, मग हे सगळं.

माझ्या दुकानाशेजारी बाइंडिंगवाले चाचा आहेत. त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून बाइंडिंगचं काम. संच उसवून पानं सुटी करायला मी त्यांच्याकडे नेले तेव्हा ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, लोक सुटी पानं घेऊन येतात, बांधून द्या म्हणतात. तुम्ही बांधलेलं सोडवून राहिल्या. उलटा जमाना आला म्हणायचा."

"परत शिवून पण द्यायचंय, चाचा."

"या अल्ला!" म्हणाले, आणि सुरी घेतली.

पहिलं पुस्तक यंत्रात उघडलं तेव्हा मी दुकानात एकटीच हसले आणि मग घाबरले. छपाई दोन स्तंभांची होती. सॉफ्टवेअरने डावी ओळ वाचली, तिला उजवीकडची ओळ जोडली, आणि बेडकाच्या हृदयाबद्दलच्या प्रश्नाला झाडाच्या पानांच्या कडांबद्दलचे पर्याय लागले. घातांक खाली उतरून साध्या आकड्यांत मिसळले. आकृत्यांच्या जागी कोरे चौकोन. आमच्या कामात चुकीचं अक्षर पडलं तर लग्नपत्रिकेवर कुणी तरी नाक मुरडतं, एवढंच. इथे माझी मुलगी ते पाठ करणार होती. मी स्तंभ कापून वेगळे केले, घातांक डोळ्यांनी शोधून एकेक वर चढवले, आकृत्या वेगळ्या चिकटवल्या. दुकानात गिऱ्हाईक आलं की मला राग यायचा. हातातली पत्रिका बाजूला सारून मी पेशीविभाजनात डोकं घालून बसायचे.

एक आड एक रविवारी मी लातूरला जायचे. लोहा, अहमदपूर करत बस निघायची, मांडीवर लॅपटॉप. रविवारी त्यांची टेस्ट असायची, ती संपवून पोरगी खोलीवर आली की यंत्राला वायर लावायची, फाइल चढवायची, आणि झालेली पुस्तकं, शिवाय पुढच्या स्कॅनची, माळ्यावरून काढून पिशवीत घालायची. येताना पिशवीचे बंद बोटांत रुतायचे आणि मला बरं वाटायचं. ही पुस्तकं घरी दिवाणाखाली गेली. नवरा म्हणायचा, पोरगी तिथं अन् तिचं ओझं आपल्या बुडाखाली. हळूहळू तिच्या कॉटवरचा माळा मोकळा दिसायला लागला. भिंतीचा रंग दिसला, तेव्हा मला रडूच आलं.

मैत्रिणींनी आपली पुस्तकं कधी दिली नाहीत. विचारलं की "हाव काकू, देतो की." पोरी गोड होत्या. मी फार मागे लागले नाही, कारण त्यांचा माळा त्यांच्या डोक्यावर होता. हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण आईचं मन असंच कोतं असतं.

संध्याकाळी फोन लागला की माझा पहिला प्रश्न ठरलेला.

"माळा?"

"रिकामा."

"जेवलीस का?"

"जेवले."

मग एके दिवशी सकाळी नांदेडात हादरा बसला. मोठा नव्हता. ओट्यावरचे पेले एकमेकांवर किणकिणले, जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज आला आणि थांबला. आमच्या भागात अधूनमधून असं होतं, लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. मी मात्र अनवाणी रस्त्यावर. नवरा समजावून आत न्यायला बघत होता आणि माझी दातखीळ बसलेली. पोरीचा फोन बंद. मालकिणीला लावला तर ती म्हणाली, "इथं काहीच झालं न्हाई हो ताई. पोरी क्लासला गेल्यात." मी तीन वेळा विचारलं, खरंच का. तिसऱ्यांदा तिने जरा चिडूनच हो म्हटलं.

त्या दिवसापासून माझं ताळतंत्र सुटलं. माळ्यावर भौतिकशास्त्राचे चार-पाच जाड संच उरले होते, त्यांच्या पीडीएफ क्लासने दिलेल्या होत्या. ते आता तिथे एक दिवस जास्त राहू नयेत असं वाटायचं. ओळ न् ओळ तपासत बसले तर महिना गेला असता. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप दुरुस्तीची एक सोय असते. एक खूण केली की मोडलेले परिच्छेद जोडून देतं, ओळी सांधून देतं, सगळं गुळगुळीत करून देतं. ती खूण केली. फाइली झरझर तयार झाल्या, दिसायलाही स्वच्छ. पुढच्याच रविवारी मी उरलेले संच खाली आणले. माळा पूर्ण मोकळा झाला आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी मला झोप लागली.

पुढे एका शनिवारी सकाळी दुकानात बसून मी पुढचा धडा चाळत होते. एक सोडवलेलं उदाहरण होतं. मला भौतिकशास्त्र येत नाही, पण बेरीज-वजाबाकी येते. वरच्या ओळीतले आकडे आणि खालचं उत्तर यांचा मेळ बसेना. घरी जाऊन दिवाणाखालचं छापील पुस्तक आणून पाहिलं. छापील पानावर ओळीच्या अगदी शेवटी वजाचं चिन्ह होतं. माझ्या फाइलमध्ये ते नव्हतं. पुढच्या उदाहरणातही नाही. इंग्रजी छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तुटला की बारीक आडवी रेघ देतात. सॉफ्टवेअर ती रेघ काढून शब्द जोडतं, त्याला वाटतं आपण मदतच करतोय. वजाची रेघही त्याने तशीच काढून टाकली होती, आणि मागे खूणसुद्धा ठेवली नव्हती. चुकीचं काही दिसतच नव्हतं.

उद्याची टेस्ट याच धड्यांवर होती.  चारसहा तास मान वर न करता मी तेवढे धडे छापील पानाशी ताडून पाहिले, चिन्हं परत बसवली, फाइल पुन्हा बनवली. असं करू नये, घाईत तर मुळीच नाही, हे कळत होतं, पण दुसरा इलाज नव्हता. फोन संध्याकाळपर्यंत बंद. मी दुकान चाचांच्या हवाली केलं आणि मिळेल ती बस धरली. वाटेत एकच विचार, पोरीने चुकीचं पाठ केलं असेल, तिचं वर्ष गेलं तर माझ्यामुळे जाईल.

खोलीच्या जिन्यात मुदखेडची मुलगी भेटली, पाण्याची बाटली घेऊन खाली येत होती. मला बघून ती पांढरीफटक पडली.

"काकू, तुमी? आज तर शनिवार हाय."

"माहीत आहे मला."

"थांबा, मी जरा सांगून येते," म्हणत ती उलट्या पावली वर पळाली.  ताप आला का माझ्या पोरीला? की खोलीत नाहीच? मीही धापा टाकत मागोमाग चढले.

दार उघडं होतं. मुदखेडची मुलगी स्वतःच्या कॉटवर टाचा उंचावून उभी होती, एक हात आमच्या माळ्याकडे लांबवलेला, दुसऱ्याने छातीशी चार जाड पुस्तकं धरलेली. आमचा माळा भरलेला होता. पहिल्या दिवशी होता त्याहून जास्त, थर अगदी कडेपर्यंत आलेले. जागा मोकळी झाली तसतशी दोघींची पुस्तकं सरकत सरकत तिथे आली होती. ती काय रिकामी राहणार होती थोडीच, हॉस्टेलातली जागा! आणि त्याच्या बरोबर खाली माझी मुलगी झोपली होती.

"काकू, आमी रविवारी काढतो की सगळं," मुदखेडची कुजबुजली. "तुमी यायच्या आधी. गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवतो. तिनंच सांगितलंय, आईला दिसू द्यायचं न्हाई म्हणून."

मला ओरडायचं होतं, ऊठ म्हणून. तोंडातून आवाज फुटेना. आवाजानेसुद्धा ते सगळं खाली येईल असं वाटत होतं. हे वेडगळ आहे हे मला तिथे उभं असतानाही कळत होतं. दाराची चौकट मी घट्ट धरून ठेवली होती. आणि पोरगी झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक पाय चादरीबाहेर. घरी ती अशी झोपत नाही. घरी मी दोनदा उठून तिच्या खोलीत जाते, पंखा बघते, तिची कूस बघते, आणि ती प्रत्येक वेळी डोळे उघडते. एवढी गाढ झोप मी तिची लहानपणानंतर पाहिली नव्हती.

मग तिला जाग आली. तिने मला पाहिलं, मैत्रिणीच्या हातातली पुस्तकं पाहिली, वर पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती आली. ती मी लगेच ओळखली, माझ्या घरातलीच होती ती. पण ती आली माझ्याकडे बघून. पुस्तकांकडे बघताना तिचा चेहरा साधा होता.

"आई, मी सांगणार होते."

"वजाची चिन्हं गेली होती," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. "नवी फाइल आणलीय. उद्याच्या धड्यांची."

"मला कळलं होतं ते. उत्तरं जुळेनात म्हणून हिच्या पुस्तकातून केले ते धडे." ती उठून बसली. "जीवशास्त्र मात्र यंत्रातच वाचते. खरंच. लई चांगलं केलंयस ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भ्याली असतीस. अन् सगळं पहिल्यापासून परत करत बसली असतीस. डोळे बघ तुझे कसे झालेत."

 मुदखेडची मुलगी पुस्तकं छातीशी धरून तशीच उभी होती, खाली ठेवावीत की वर, तिला कळेना. आमच्या पोरीची बॅग दाराजवळ होती आणि माझा हात तिच्या पट्ट्यावर कधी गेला ते मला समजलंच नाही. तिने तो पाहिला.

"आता नेणार का मला?"

पहिल्या दिवसापासून माझं उत्तर तयार होतं. माळा भरला तर बॅग उचलायची, असंच ठरलं होतं आमचं. नांदेडची शेवटची बसही अजून जायची होती. मी वर बघितलं. वरचे थर जरा पुढे झुकल्यासारखे वाटत होते, कदाचित नव्हतेही. मी पट्टा सोडला.

"उद्या टेस्ट किती वाजता आहे?"

"सकाळी नऊला."

"सरक तिकडं," मी म्हणाले.

चपला काढून मी कॉटवर चढले आणि तिच्या बाजूला आडवी झाले, डोकं भिंतीकडे, तिघी झोपतात तसं. मुदखेडच्या मुलीने पुस्तकं हळूच पुन्हा वर ठेवली आणि बाहेर निघून गेली.   पडल्या जागेवरून मला पुस्तकांच्या कडा दिसत होत्या आणि माळ्याची खालची बाजू, तिथे कुणी तरी पेन्सिलीने काही सूत्रं लिहून ठेवलेली. उठून पळावं असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं. मी लातूरला कधी यायलाच नको होतं.

पोरीला ते कळलं असावं. तिने कूस बदलली आणि आपला तळहात माझ्या डोळ्यांवर ठेवला.

"वर बघू नको," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. ती पुन्हा झोपली होती, हात तसाच माझ्या डोळ्यांवर. झोपेत तो जड होत गेला. मी तो हलवला नाही.